मांडीवरची जागा

सहा किलोचं जनावर गुरगुरलं की माणसं हसतात. हाच आवाज डॉबरमनच्या घशातून आला असता तर पाहुणे चपला हातात घेऊन जिना उतरले असते. पण आवाज बारीक, दात बारीक, तेव्हा त्यामागचं म्हणणंही बारीकच असणार, असं आपण धरून चालतो. मोबाइल काढतो, व्हिडिओ करतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि वर कौतुकानं लिहितो, 'आजीला कुणी हात लावलेला खपत नाही साहेबांना!'

हे सगळीकडेच होतं म्हणे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या मालकांची तुलना केली, तेव्हा लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करतात आणि शिकवण्याच्या फारसे मागे लागत नाहीत, असं त्यांना दिसलं. आज सोफा चालतो, उद्या चालत नाही. पाहुणे असले की ओरडा, गेले की लाड. मोठं कुत्रं असलेल्या घराला ही चैन परवडत नाही.

चिकू आमच्याकडे आला तो पावसाच्या तोंडाशी. पाच वर्षांचा, आईकडून पॉमेरेनियन आणि बापाकडून बहुधा डोंबिवली. तिथे एका एकट्या आजींकडे तो वाढला होता. आजी गेल्या, परदेशातला मुलगा येऊन फ्लॅटची निरवानिरव करून गेला आणि चिकू कुत्री दत्तक देणाऱ्या एका ताईंच्या घरी येऊन पडला. ताई आमचं ठाण्यातलं, चरईतलं घर बघायला आल्या. गॅलरीची जाळी हलवून बघितली, घरात कोण कोण असतं ते विचारलं, फॉर्म भरून घेतला आणि निघताना म्हणाल्या, "हा मांडीवरचा कुत्रा आहे हं. एका माणसाचा." ही सूचना होती. आम्ही ती प्रमाणपत्र म्हणून ऐकली.

घरात मी, नवरा, सहावीतली लेक आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, सकाळी पोथी, दुपारी डुलकी, संध्याकाळी मालिका. दिवसभर घरात असणारं, हळू बोलणारं आणि मांडी असलेलं माणूस चिकूनं पहिल्याच दिवशी हेरलं. नव्या घरात आलेल्या कुत्र्याबद्दल सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक ठोकताळा आहे: तीन दिवस तो भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराची वेळ त्याच्या अंगात उतरते आणि तीन महिन्यांनी त्याला हे घर आपलं वाटायला लागतं. चिकूनं भांबावण्याचे दिवस आईंच्या मांडीवर काढले आणि खरा चिकू त्यानंतर दिसायला लागला.

रात्री नवरा आईंना बीपीची गोळी आणि पाणी द्यायला जातो. ती पहिली वेळ. मांडीवरून एक अगदी खालच्या पट्टीतला आवाज आला, मिक्सर बंद पडायच्या आधी येतो तसला. नवरा हसला. आईंनी चिकूच्या डोक्यावरून हात फिरवला, "नाही रे, कुणी घेऊन जात नाही मला." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ठेव ना तू गोळी टीपॉयवर. कशाला त्याला त्रास देतोस?" नवऱ्यानं गोळी ठेवली आणि तो गेला.

त्या चार-पाच सेकंदांत चिकू काय शिकला ते आता नीट दिसतं. गुरगुरलं की माणूस जातो. दुसऱ्या दिवशी तो जरा लवकर गुरगुरला, तिसऱ्या दिवशी नवरा नुसता स्वयंपाकघरातून बाहेर आला तरी. मग मी. मग मोलकरीणबाई फरशी पुसत सोफ्याजवळ आल्या की. आईंच्या आजूबाजूला एक न दिसणारी हद्द आखली गेली आणि ती रोज थोडी पुढे सरकत होती. भजनी मंडळात आई अभिमानानं सांगत होत्या, "मुलाला सुद्धा जवळ येऊ देत नाही माझ्या."

गुरगुरणं ही सुरुवात नसते, हे मला फार नंतर बघता यायला लागलं. आधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. शेपूट थांबते. मांडीवर सैल पडलेलं अंग ताठ होतं, पण डोकं वर येत नाही. उलट खाली जातं, आईंच्या मनगटावर हनुवटी दाबून धरतं. डोकं न वळवता डोळे तेवढे येणाऱ्याकडे वळतात आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. जीभ एकदा पटकन नाकावरून फिरते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. त्यानंतर वरचा ओठ, मग आवाज, मग दात. म्हणजे आपण ज्याला 'अचानक चावला' म्हणतो, त्याच्या आधी त्यानं चार-पाच वेळा सांगितलेलं असतं, आपण मालिका बघत असतो.

लेक क्लासहून आली ती भिजून, खुशीत, कसलीतरी स्पर्धा जिंकून. दप्तर टाकलं आणि तशीच आजीच्या गळ्यात पडायला धावली. चिकूचे दात हवेत वाजले. खट्ट. तिच्या गालापासून वीतभर अंतरावर. लागलं काही नाही. पण तो आवाज घरातल्या सगळ्यांनी ऐकला आणि त्यानंतर कुणी व्हिडिओ काढला नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती ठाण्यात शिकलेल्यासवरलेल्या घरांतही लोकांना नीट माहीत नसते. दात कातडीला लागले असते, तर रक्त आलं नाही म्हणून गप्प बसायचं नसतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि डॉक्टरकडे जायचं, कुत्रं घरचं आणि लस टोचलेलं असलं तरी. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. लस सरकारी दवाखान्यात मिळते. हळद, चुना, मिरचीपूड यातलं काहीही लावायचं नाही.

सल्ले मात्र त्याच संध्याकाळपासून सुरू झाले. जिन्यात, भाजीवाल्याकडे, फोनवर. कुणी म्हणालं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर एक द्या. कुणी म्हणालं, उताणा पाडून दाबून धरा, शरण येईपर्यंत सोडू नका. तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांच्याकडे कुत्रं कधीच नव्हतं, ते सगळ्यात ठाम होते: "तो स्वतःला घरातला म्होरक्या समजतो. त्याच्या आधी तुम्ही जेवा. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. लांडग्यांच्यात असंच असतं."

लांडग्यांच्यात तसं नसतं. ही कल्पना आली १९४७ सालच्या एका अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकानं प्राणिसंग्रहालयातले, एकमेकांशी नातं नसलेले, एका कुंपणात आणून सोडलेले लांडगे बघितले. ते म्होरकेपणासाठी भांडत होते. अनोळखी माणसांना एका खोलीत कोंडलं तर माणसंही भांडतील. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकानं स्वतः ही कल्पना १९७०च्या सुमारास लोकांपर्यंत पोचवली आणि मग आर्क्टिकमधल्या एल्समीर बेटावर रानातल्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढून १९९९ साली त्यानंच लिहिलं की हे बरोबर नाही. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. कुणी कुणाला हरवून म्होरक्या होत नाही. मोठे असतात ते मोठे असतात. काकांना हे सांगून बघितलं. ते म्हणाले, "पुस्तकात काय, काहीही लिहितात."

मारण्याचा हिशेबही कुणीतरी मांडून ठेवलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली, वागण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुम्ही काय काय करून बघितलं आणि कुत्र्यानं काय केलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी ४३ टक्के मालकांच्या अंगावर कुत्रा उलटला होता. उताणं पाडून दाबणाऱ्यांमध्ये ३१ टक्के. आणि मारून गुरगुरणं थांबलं तरी पंचाईतच, कारण थांबते ती फक्त सूचना. भीती आत तशीच राहते. मग खरोखर अचानक चावणारं कुत्रं तयार होतं. म्हणून घरात पहिला नियम झाला तो असा, की गुरगुरल्याबद्दल चिकूला कुणी रागवायचं नाही. नवऱ्याचा 'ए गप' बंद करायला वेळ लागला.

आधी डॉक्टरांकडे नेलं. दुखणारं कुत्रं शिकवणीला बसवून उपयोग नसतो. लहान चणीच्या कुत्र्यांना दातांचा त्रास फार, शिवाय गुडघ्याची वाटी सरकण्याचा. चिकूच्या वाट्या जागेवर होत्या, पण मागची एक दाढ किडून हिरडी सुजलेली निघाली. दाढ काढली. त्यानंतर तो जरा निवळला हे खरं, पण हद्द जागच्या जागी राहिली.

मग एक ट्रेनर आली. तरुण मुलगी, कळव्याहून स्कूटरवर. घरात शिरल्यावर तिनं चिकूकडे बघितलंसुद्धा नाही. दाराशी जमिनीवर आडवी बसली, पाठ अर्धी वळवून, आणि आमच्याशी अर्धा तास बोलली. बोलता बोलता तिच्या हातातून पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे मागे पडत होते. तो कधी उतरून खायला लागला ते आईंनाही कळलं नाही.

तिला मी विचारलं, "याला हेवा म्हणायचा का?" म्हणाली, काय म्हणायचं ते म्हणा. सॅन दिएगोत २०१४ साली संशोधकांनी ३६ लहान कुत्र्यांसमोर मालकांना एका भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खोट्या कुत्र्याचे लाड करायला लावले होते. खरी कुत्री मधे घुसली, मालकाला ढकलायला लागली, काहींनी त्या खेळण्यावर दात घातले. मालक पुस्तक वाचत बसला तेव्हा मात्र त्यांना एवढी पर्वा नव्हती. तेव्हा तिसऱ्याचं येणं कुत्र्याला कळतं आणि खुपतं, एवढं नक्की. पण चिकूच्या बाबतीत मला ती बाई आठवते, जी संध्याकाळी ठाण्याला कर्जत लोकलमध्ये कशीबशी चढते, डोंबिवलीपर्यंत एका पायावर उभी राहते आणि तिथे एकदाची तिला सीट मिळते. मग कुणी नुसतं तिच्या बाजूला जरा सरकलं तरी ती पर्स घट्ट धरून बघते. ती दुष्ट नसते. तिला आत्ताच बसायला मिळालेलं असतं. चिकूची पाच वर्षं बसलेली जागा एका दिवसात गेली होती, आणि का गेली ते त्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

सगळं ऐकून झाल्यावर ट्रेनर आईंकडे वळली. "आजी, सगळ्यात अवघड काम तुमच्याकडे आहे. त्याचं अंग ताठलं की तुम्ही उठायचं. आवाज येण्याआधी. रागवायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं उठून आत जायचं."

"माझे गुडघे बघितलेस का?" आई म्हणाल्या.

"हाताला धरून उठवू आम्ही."

"गुडघ्यांचं नाही गं ते."

आई उठल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही बरेच दिवस नाही. आम्ही बाकीचं सगळं करत होतो. नवऱ्यानं जेवण द्यायचं ठरलं, तो देत होता. सोफ्याऐवजी आईंच्या खुर्चीशेजारी चिकूची गादी टाकली, तिथे गेला की खाऊ मिळत होता. गळ्यात हलका पट्टा घरातही ठेवला, म्हणजे त्याला मांडीवरून उतरवायला अंगाला हात लावावा लागू नये. पण मालिका सुरू झाली की आई हळूच मांडी थोपटायच्या आणि तो वर. एका रात्री मी भांडी लावत होते, आई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी या घरात उठतेच आहे. कुणाचा चहा, कुणाचा डबा, बेल वाजली की दार. पहिल्यांदा कुणीतरी येऊन मला बसवून ठेवलंय. आणि तुम्ही म्हणता, आता त्याच्यासाठी पण ऊठ."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुत्र्यांच्या वागणुकीवरचं जे काही मी तेव्हा वाचत होते, त्यात राखण करणाऱ्या कुत्र्याबद्दल पानंच्या पानं होती. जिची राखण होते तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. सासरे गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा चांगला आहे, सून वाईट नाही, नात प्रेमळ आहे, पण त्या घरात आईंवाचून कुणाचं अडलं, असं खरोखर कधी झालं होतं? चिकूचं अडत होतं. त्या बाथरूममध्ये गेल्या तरी दाराच्या फटीत नाक घालून बसायचा. असं कुणी आपल्यासाठी बसलेलं असताना ते मोडायला कुणाचा हात धजेल? माझं मत असं झालंय की घरातल्या कुत्र्याची मालकी गाजवण्याची सवय फार वेळ टिकते ती कुत्र्यामुळे नाही. समोर ज्याच्यासाठी भांडण चाललंय त्या माणसाला ते आतून आवडत असतं.

आईंना उठवलं ते शेवटी लेकीनं, आणि तेही काही न बोलता. रविवारी संध्याकाळी आजीपुढे बसून केसांना तेल लावून घ्यायचं, ही त्या दोघींची जुनी रीत. तो दात वाजल्यापासून लेक आजीच्या जवळ जात नव्हती, समोरच्या खुर्चीत बसून बोलायची. त्या रविवारी ती वाटीत तेल घेऊन माझ्याकडे आली. आई सोफ्यावरून बघत होत्या. मी तेल लावायला सुरुवात केली. आईंनी दोन्ही हात सोफ्याच्या कडेला टेकवले, चिकूला बाजूला उतरवलं आणि "आई गं" म्हणत उठल्या. चिकू खालून बघत राहिला. "दे ती वाटी," त्या मला म्हणाल्या.

पुढचं काम कष्टाचं आणि कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्हला नोबेल मिळालं १९०४ साली, पचनसंस्थेवरच्या कामाबद्दल. आपल्या लक्षात राहिली ती त्याची कुत्री, खाणं येणार याची नुसती खूण मिळाली तरी लाळ गाळणारी. आमच्या दिवाणखान्यात त्याचाच धडा चालला. आई खुर्चीत, चिकू खाली गादीवर. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा, एवढ्या लांब की चिकूनं त्याला बघावं पण ताठू नये. तो दिसला की आईंच्या हातून तुकडा पडायचा. तो दिसेनासा झाला की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा. आधी माणूस, मग खाऊ. उलटं केलं तर खाऊ दिसला की चिकूला कळणार, आता कुणीतरी येणार, आणि पनीरचीच धास्ती बसणार. दुसरी गोष्ट, नवऱ्यानं हातातून भरवायचं नाही. आशेनं कुत्रं जवळ येतं, खाऊ संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण नको त्या माणसाच्या फार जवळ आलोय. लांबूनच टाकायचं.

पनीरचं आकर्षण लवकरच ओसरलं. ट्रेनर म्हणाली, उकडलेलं चिकन. आमच्या घरी चातुर्मास. आईंच्या ताटात कांदा-लसूण नाही, ते एक बरं, कारण कुत्र्याला कांदा-लसूण विषारीच. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. बेदाणेही नाहीत, तेव्हा सत्यनारायणाचा शिराही त्याला बाद. पण चिकन? दोन दिवस घरात हा विषय कुणी काढला नाही. मग आईच म्हणाल्या, "वेगळं पातेलं आणा. गॅलरीत शिजवा. आणि मला चिमट्यानं द्यायला लावा, हातानं नाही." चौऱ्याहत्तर वर्षं कधी मांसाला न शिवलेली बाई, खुर्चीत बसून, चिमट्यानं कोंबडीचे तुकडे टाकतेय आणि समोर तिचा पन्नाशीला आलेला मुलगा दारातून आत-बाहेर करतोय, हे दृश्य खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यातून बघितलं आणि त्यांचा आमच्याबद्दल जो काही समज व्हायचा तो झाला.

सकाळचं फिरणं नवऱ्याकडे आलं. तलावपाळीला सहाच्या सुमारास, फुलवाल्यांच्या टोपल्या उतरत असताना. वाटेत गल्लीगल्लीतली राखणदार कुत्री. चिकू त्यांच्यासमोर नवऱ्याच्या पायांच्या मागे जायचा. कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येईपर्यंत त्या दोघांचं काय बोलणं होत होतं देव जाणे, पण काही दिवसांनी संध्याकाळी जिन्यात नवऱ्याच्या बुटांचा आवाज आला की गादीवरून एक शेपूट जमिनीवर आपटायला लागली.

आता नमस्कार. ही अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. कुत्र्याला वरून वाकून येणारं माणूस मुळातच आवडत नाही. त्यात ते माणूस त्याच्या माणसावर वाकत असेल तर संपलंच. आणि आपल्याकडे वडीलधाऱ्यांना भेटायची रीतच ती, थेट चालत यायचं आणि पायांशी वाकायचं, म्हणजे डोकं नेमकं मांडीच्या उंचीला. परीक्षेला निघालेली पोरं, लग्नाची पत्रिका घेऊन आलेली माणसं, सणाला आलेले सगळे. आईंच्या पाया पडायला आलेला प्रत्येक जण चिकूच्या लेखी हल्ला करायला आलेला होता.

म्हणून आम्ही नमस्काराचे तुकडे पाडले. आधी नवरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नुसता कमरेत वाकायचा, चिमट्यातून तुकडा. मग एक पाऊल पुढे. मग वाकून हात जमिनीला. मग लेक, मग मी. चिकू गादीवर, पट्टा माझ्या हातात, अंग सैल दिसलं तरच पुढचं पाऊल. जीभ नाकावर गेली की दोन पावलं मागे. नवरा त्या काळात आईच्या इतक्या वेळा पाया पडला की शेवटी आई म्हणाल्या, "पुरे झाले आशीर्वाद. आता उरलेले पुढच्या जन्मी."

लेकीला वेगळे नियम. कुत्र्यांना मिठी बहुतेक वेळा आवडत नाही, आपण प्रेमानं मारली तरी. तो झोपलेला असताना किंवा खाताना जायचं नाही. हाक मारायची, आला तर ठीक. छातीशी तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून थांबायचं. त्यानं पुन्हा अंग टेकवलं तर चालू, नाहीतर विषय संपला. आणि मोठं माणूस खोलीत असल्याशिवाय त्या दोघांनी एकत्र राहायचं नाही. ती हे सगळं आमच्यापेक्षा नीट पाळते.

गणपती दीड दिवसाचा. पंचवीस-तीस माणसं, झांजा, आरत्या आणि सगळे आईंच्या पायांशी. एवढा सराव झाला होता, तर बघू या, असं नवऱ्याच्या मनात होतं. ट्रेनर फोनवर म्हणाली, "परीक्षा घ्यायला हा दिवस नाही." चिकू आतल्या खोलीत राहिला. पंखा मोठा, दार बंद, आणि पोकळ रबरी खेळण्यात गोठवलेला दहीभात, जो चाटून संपवायला त्याला बराच वेळ लागतो. एक-दोन पाहुण्यांनी "कोंडून ठेवलंय बिचाऱ्याला" म्हटलं. बिचारा आत घोरत होता.

हद्द मग हळूहळू मागे सरकली, सरळ रेषेत मात्र नाही. भाऊबीजेला पुण्याहून नणंद आली आणि गप्पांच्या भरात आईंना चिकटून बसली. गादीवर चिकूचं तोंड मिटलं. आम्ही कुणी काही बोलायच्या आत आई वाक्य अर्धं टाकून उठल्या आणि आत निघून गेल्या. नणंदेला काही कळेना. "मी आले आणि आई उठून गेली? माझं काय चुकलं?" तिला समजावण्यात चिकूला समजावण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

सध्याची व्यवस्था आईंनी स्वतः ठरवलेली आहे, ट्रेनरशी घासाघीस करून. दुपारी दोन ते चार, घरात दुसरं कुणी नसताना, मांडी चिकूची. तीही बोलावल्यावर, आपल्या मनानं उडी मारली तर त्या उभ्या राहतात. चार वाजता लेकीची बेल वाजते, आई "खाली" म्हणतात, तो उतरतो, तुकडा खातो आणि दाराकडे पळतो. हे त्यांना मनापासून पटलंय असं नाही. परवा म्हणाल्या, "बेल वाजली की आता माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नाही." रात्रीची गोळी नवरा हातात देतो.

नणंदेच्या मुलीचं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं ठरलंय. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आईंच्या मांडीवर खरंच दुसरं कुणीतरी असणार, आणि तेव्हा कुणाला 'खाली' म्हणता येणार नाही. आत्तापासून लेकीची जुनी बाहुली दुपट्यात गुंडाळून आई मांडीवर घेऊन बसतात, मोबाइलवर तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी बारीक लावून, दुसऱ्या हातात चिमटा. आतल्या खोलीच्या दाराला लावायला जाळीचं गेट हवंय. नवऱ्याला किंमत जास्त वाटते आणि त्याचं म्हणणं, सुतार अर्ध्या पैशांत करून देईल. आईंनी कपाटातून पेन्शनचं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, "सुताराचं फळकूट नको. खालून नाक घालता येणार नाही असंच घे."